दोनची सुई

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला चौलच्या गुरवबाई गेल्या आणि दहाच्या ठोक्याला आयसीयूच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं.

मरण काही हॉस्पिटलला नवं नसतं. नागाव आणि चौलच्या मधल्या त्या सहा खाटांच्या आयसीयूत माणसं वाचायचीही आणि जायचीही. पण एका महिन्यात हे तिसरं माणूस, आणि तिघांच्याही रक्तात एकच जंतू. क्लेब्सिएला त्याचं नाव. जात अशी चिवट की कपाटातल्या एकाही अँटिबायोटिकला दाद देईना. गुरवबाई तर नुसता खुबा मोडून आल्या होत्या. खुबा मोडलेली बाई घरी काठी टेकत जावी, चौघांच्या खांद्यावरून जाऊ नये. गेटवर त्यांचा मुलगा अनंता उभा होता, आणि त्याच्यामागे निम्मं चौल.

हॉस्पिटलचे मालक दत्तात्रेय. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. ते जाळीच्या पलीकडे तोंडाला रुमाल धरून उभे होते.

"या आठवड्यात इथे ज्यांनी ज्यांनी काम केलंय, ते शनिवारी बारापर्यंत बाहेर पडणार नाहीत. सगळ्यांच्या हातांचे स्वॅब घेतलेत. रिपोर्ट आला की बघू. जेवण जाळीतून येईल."

"रिपोर्ट चांगला आला तर सर?" हफ्साने विचारलं.

हफ्सा मुकादम, रेवदंड्याची. सहा वर्षं दिवसपाळीची सिस्टर. तिच्या मोहल्ल्यातल्या पोरी लग्न होऊन आखातात जात, कोणाची तरी बायको म्हणून. ही एकटी अशी की दवाखान्यात येणारी माणसं खिडकीशी थांबून विचारत, हफ्सा सिस्टर आहे का? एवढी एकच कमाई तिच्या गाठीला होती, आणि तिचा तिला अभिमान होता.

मोठ्या डॉक्टरांनी रुमाल जरा खाली केला. "तिन्ही पेशंटना हुडहुडी भरली ती दुपारी तीन-साडेतीनला. दोनच्या सुईनंतर. रात्री दहाची सुई, सकाळी सहाची सुई, तेव्हा कोणालाच काही नाही. दोनची सुई कोण देतं?"

दोनची सुई हफ्साच देत होती.

"नर्सिंग कौन्सिलला तुझ्याविरुद्ध पत्र टाइप झालंय," ते म्हणाले. "शनिवारी बाराला सही करीन. आणि गेटवर त्या लोकांनाही नाव सांगावं लागेल. मला हॉस्पिटल चालवायचंय."

२

आत अडकलेली माणसं पाच. हफ्सा, रात्रपाळीची शिवानी, एक्स-रेवाला रितेश, आयाबाई आवडाबाई आणि लॅबच्या सुचिताताई. लॅब त्याच मजल्यावर, म्हणून तीही कुलपाच्या आतच. ड्युटीवरचा डॉक्टर नखशिखान्त गुंडाळून आत यायचा, लांबूनच पेशंट बघायचा आणि आला तसा निघून जायचा.

पेशंट दोनच उरले होते. दोन नंबरवर राही, बावीस वर्षांची, स्कूटरवरून पडून प्लीहा फाटलेली, नुकतंच ऑपरेशन झालेली. पाच नंबरवर बाबाजी, सुचिताचे वडील. अर्धांगाचा झटका येऊन आधी नवी मुंबईत महिनाभर होते, तिथून तीन तारखेला इथे आले. आज सव्वीस. त्यांच्या हातांच्या नसाच सापडेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना सुई नव्हती. औषधं कुटून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीने जायची.

एक वाजता सुचिताच्या घरून जाळीतून थर्मास आला. लाल तांदळाची पेज. डॉक्टरांनी परवानगी दिलेली ती जेमतेम एका पेल्याची, गाळून, नळीने द्यायला. पण लेकीचं मन, थर्मास नेहमी गळ्यापर्यंत भरलेला. आवडाबाईंनी तो उघडताना एक शीत ओट्यावर पडलं, ते त्यांनी बोटाने टिपून कपाळाला लावलं.

"तुला टेन्शन आलंय ना?" सुचिता हळूच म्हणाली. "मी तुझ्या बाजूने आहे, हफ्सा. हातांचे स्वॅब मीच लावलेत. जंतू वाढायला दोन दिवस लागतातच. खुद्द देव आला तरी त्याआधी रिपोर्ट देऊ शकत नाही. धीर धर."

पावणेदोन वाजले. राहीची दोनची सुई आली.

सुई न द्यावी तर पोरीच्या पोटात पू होईल. द्यावी तर याच हातांनी द्यायची. जी माणसं गेली त्यांनाही तिने असंच जपून दिलं होतं. शिवानीला दे म्हणावं, तर रात्रभर जागून ती बाजूच्या खोलीत नुकतीच आडवी झालेली. आणि दुसऱ्याला सांगणं म्हणजे मीच गुन्हेगार असं कबूल करणं. तिने बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि कोपरापर्यंत हात घासले, एकदा, मग पुन्हा एकदा. ॲप्रन पोटाशी भिजला. तो रोजच भिजायचा. शेजारच्याच ओट्यावर ट्रे होता. बाटलीचं बूच तिने स्पिरिटने पुसलं, औषध ओढलं, दिलं.

मग ती राहीच्या उशाशी घड्याळाकडे बघत बसली. तीन वाजले. साडेतीन. राहीने पाणी मागितलं, चार वाजता मोबाइल मागितला. हुडहुडी आली नाही.

तेव्हा हफ्साची नजर पाच नंबरकडे गेली. तेवीस दिवस. गेलेल्या तिघांपैकी कोणीही आठ दिवसांच्या वर इथे नव्हतं. सगळ्यात म्हातारा, सगळ्यात खंगलेला माणूस तेवीस दिवस इथे पडून आहे, आणि त्याला काहीच कसं झालं नाही?

३

शुक्रवारी सकाळी तिने रितेशला गाठलं. तो जाळीला पाठ लावून वडापाव खात होता.

"मला माहितेय तू काय विचारणार," तो म्हणाला. "मशिन घेऊन मी अलिबागला पण दोन जागी जातो. प्लेट ह्याच्या पाठीखालून काढतो, त्याच्या पाठीखाली सरकवतो. दर वेळी पुसतो का? खोटं नाय बोलणार, नाय पुसत. पण एक सांग, जंतू मी आणला असता तर पाच नंबरचे आजोबा वाचले असते? दर दोन दिवसांनी त्यांच्या छातीचा फोटो. सगळ्यात जास्त प्लेट त्यांनाच लागलीय."

बोलणं बिनतोड होतं. माणूस आळशी निघाला, पण आळस आणि खून यांत अंतर असतं.

शिवानी डोळे चोळत उठली होती. तिला विचारायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. ती एका शब्दावरून भांडायची.

"औषधाचा खोका एकच, ट्रे तोच, ओटा तोच," हफ्सा म्हणाली. "तू रात्री देतेस, सकाळी देतेस. काही होत नाही. तू माझ्यापेक्षा वेगळं काय करतेस?"

"वेगळं?" शिवानी हसली. "काहीच करत नाही, हेच वेगळं. तुझ्यासारखं कोपरापर्यंत घासत बसायला मला नाही जमत. खाटेला ती हाताच्या स्पिरिटची बाटली टांगलीय ना, त्यातले दोन थेंब चोळते आणि मोकळी होते. सरांना सांगू नको. तू एवढी स्वच्छ, तरी तुझेच पेशंट गेले. नशीबच म्हणायचं."

हफ्सा बाजूच्या खोलीत जाऊन बसली. बाहेरून गेटवरचा आवाज चढत होता. कोणीतरी ओरडून विचारत होतं, नर्सचं नाव सांगा. खिडकीला गज, दाराला जाळी, जाळीला कुलूप. तिला वाटलं, आपण बाहेर पडलो तरी हे कुलूप काही सुटायचं नाही, ते आपल्या नावालाच लागेल.

तिने मनातल्या मनात उलटं मोजायला सुरुवात केली. आजोबांना प्लेट लागते, चादर तीच, हवा तीच, माणसं तीच. लागत नाही ती एकच गोष्ट, सुई. म्हणजे जंतू सुईतून जातो. रात्रीच्या सुईतून जात नाही, दुपारच्या जातो. औषध एक, ओटा एक. मग दुपारी जास्तीचं काय? दुपारी हफ्सा हात धुते.

ती ताडकन उठली. घड्याळात सव्वाबारा झाले होते आणि दोनची सुई यायची होती.

४

"बेसिनचा स्वॅब मी घेतलाय," सुचिता म्हणाली. "नळ, कड, भांडं, सगळं साफ. आवडाबाई रोज सकाळी ब्लीचने घासतात. तिथे काही नाही."

"भांड्यात नाही. त्याच्या खाली?"

बेसिनचं पाणी हल्ली सावकाश उतरायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. प्लंबरला सांगूया असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं.

हफ्साने लॅबमधून तो जांभळा रंग मागितला, जंतू काचेवर दिसावेत म्हणून वापरतात तो. सुचिताने काही न विचारता बाटली दिली. हफ्साने तो रंग बेसिनच्या भोकातून आत ओतला, भांडं पांढरंशुभ्र दिसेपर्यंत पुसलं आणि ओट्यावर ट्रेच्या जागी पांढरा कागद पसरला. रितेश, शिवानी, आवडाबाई, सगळे येऊन उभे राहिले.

"मी रोज धुते तसेच धुते," ती म्हणाली, आणि नळ पूर्ण सोडला.

नळाची धार नेमकी भोकावर पडत होती. पाणी तुंबलं, आत गुडगुडलं आणि उसळून वर आलं. तिने हात घासले, कोपरापर्यंत, दोनदा. मग नळ बंद करून कागदाकडे पाहिलं.

कागदावर जांभळे ठिपके होते. मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. एक तर थेट भरताना सुई टेकवायची त्याच जागी.

हफ्सा आपल्या हातांकडे बघत राहिली. जितकं जास्त घासावं तितकं जास्त उडत होतं. काल राहीला सुई देताना तिने दोनदा घासले होते. पोरगी केवळ दैवाने वाचली होती.

"रितेश, पाना आण," ती म्हणाली. "खालचा वाकडा पाईप खोल."

राहीची त्या दिवशीची दोनची सुई तिने खाटेपाशी ट्रॉलीवर भरली, हाताला बाटलीतलं स्पिरिट चोळून. नोकरीत पहिल्यांदाच तिने पाण्याला हात न लावता सुई दिली. ती देऊन वळते तो रितेशने पाईप बादलीत उपडा केला होता, आणि आवडाबाई मटकन खाली बसल्या होत्या.

५

पाईपमध्ये पांढरट, बुळबुळीत लगदा होता, मुठीएवढा. आंबूस वास. त्यात अर्धवट विरघळलेली लाल शितं दिसत होती.

"आवडामावशी," हफ्सा त्यांच्याजवळ बसली. "उरलेली पेज तुम्ही कुठे ओतायचात?"

"हितंच," आवडाबाई म्हणाल्या. "वर पानी सोडायची. मोरी घासून घ्यायची."

"कचऱ्याच्या पिशवीत का नाही?"

"त्या पिवळ्या पिशवीत? रक्ताचे बोळे हायेत, पू हाय, काय काय हाय. त्याच्यात अन्न टाकू? माजा हात न्हाय झाला, पोरी. आमच्या खारेपाटात बांध फुटला का खारं पानी शेतात, वरीसभर भात न्हाय. शीत न शीत येचून खाल्लंय. अन्न पाण्यात सोडलं तर पाप न्हाय, असं आय सांगायची. म्हून पाण्यात सोडलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "माज्या हातनं मेली का व ती मानसं?"

हफ्साने त्यांचा हात धरला. तिच्याही हातून तीच माणसं गेली होती. दोघींनी आपापल्या परीने स्वच्छच वागायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर जाळीशी आले. कागद पाहिला, बादली पाहिली. त्यांचा चेहरा उजळला.

"छान. म्हणजे आवडाबाई. कंत्राटावर आहे ना ती? आणि शिंतोडे कोणी उडवले? तू." ते मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे वळले. "पत्रात दोन नावं घाला. उद्या बाराला सही करतो."

हफ्साला वाटलं होतं, सापडलं की सुटलो. आता खोड्यात एकीच्या जागी दोघी होत्या.

रात्रभर तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता. पेजेवर जंतू पोसला, मान्य. पण लाल तांदळात असला जंतू नसतो. खारेपाटाच्या शेतात कोणी तसली महागडी अँटिबायोटिकं शिंपडत नाही. हा जंतू मोठ्या हॉस्पिटलात घडलेला, हरतऱ्हेच्या औषधांतून तावून सुलाखून निघालेला. तो इथे कोणाच्या तरी अंगातून आला असणार. मग अडवला का गेला नाही? नियम तर भिंतीवर लावलेला होता. दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्या पेशंटचा आल्या आल्या स्वॅब घ्यायचा, रिपोर्ट येईपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं.

शनिवारी सकाळी आठला ती लॅबमध्ये गेली. "सुचिताताई, दाखल पेशंटच्या स्वॅबचं रजिस्टर बघू."

"ते खाली ऑफिसात आहे," सुचिता म्हणाली. पटकन म्हणाली.

रजिस्टर तिच्या मागच्याच फळीवर होतं. निळं, जाड. हफ्साने सुचिताच्या खांद्यावरून हात लांबवून ते काढलं.

बाहेरच्या हॉस्पिटलातून आलेला, महिनाभरातला पेशंट एकच. बाबाजी. दाखल तारीख तीन. स्वॅब तारीख तीन. रिपोर्ट निगेटिव्ह, तारीख तीन.

सगळं जागच्या जागी, नीट अक्षरात. परवापर्यंत हफ्सानेही ते वाचून पान उलटलं असतं. पण ती गेले दोन दिवस जाळीच्या आत बसून एकेक तास मोजत होती.

"देव आला तरी रिपोर्ट दोन दिवसांच्या आत येत नाही, असं तूच म्हणालीस," ती म्हणाली. "मग हा त्याच दिवशी कसा आला?"

६

सुचिता स्टुलावर बसली.

"वेगळी खोली एकच, आणि ती भरलेली. सर म्हणाले, निगेटिव्ह असतील तर आत्ता घेतो, नाहीतर राहू दे तिकडेच. तिकडे बाबांना शब्द फुटायचा तो एकच. घर, घर. किमान भाताच्या वासाजवळ तरी आणावं म्हटलं मी. लिहून टाकलं निगेटिव्ह. उद्या खरा स्वॅब लावू म्हटलं. उद्याचा परवा झाला. पहिलं माणूस गेलं, आणि मग लावायची हिंमतच झाली नाही."

"आणि आता?"

"गुरुवारी सगळ्यांचे घेतले तेव्हा त्यांचाही घेतला. आज सकाळी उघडला." तिने जंतू वाढवायच्या दोन बशा पुढे सरकवल्या. एकीवर हफ्साचं नाव, ती कोरी. दुसरीवर बाबाजींचं, तिच्यावर गुलाबी बुळबुळीत ठिपक्यांची रांगच्या रांग. "तोच आहे. त्यांच्या पोटात आहे. त्यांना त्रास नाही देत, नुसता राहतो. त्यांच्या नळीची पिचकारी, तोंड पुसायचे बोळे, सगळं त्याच बेसिनमध्ये विसळलं जायचं. वर माझी पेज."

हफ्साला राग आला, आणि तो बोलण्यात आला. "मला तुझ्या बाजूने आहे म्हणालीस. दोन दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघून धीर धरला, ताई."

"माहितेय." सुचिता रडत नव्हती. "हफ्सा, बेसिन सापडलंय. तोडून टाकतील, नवं लावतील. मी सरांना सांगून तुझं नाव काढायला लावते. एवढं पान राहू दे. हे बाहेर गेलं तर बाबांना कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करणार नाही."

म्हणजे सुटकेची वाट होती. हफ्साचं नाव निघालं असतं. पत्रात एकटी आवडाबाई उरली असती, आणि तिच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. आजोबा पाच नंबरवर, सगळ्यांच्या मधेच राहिले असते. नवं बेसिन लागलं असतं, शेजारच्या खाटेवर आणखी कोणीतरी राही आली असती, आणि दोनची सुई कोणीतरी दिलीच असती.

"वेगळी खोली आता रिकामी आहे, आजोबांना मी तिथे हलवते," ती म्हणाली. "त्यांचं सगळं मी स्वतः करीन, हातमोजे घालून, ते इथे असतील तोवर. पण पान राहणार नाही."

बाराला कुलूप निघालं. मोठे डॉक्टर पत्र आणि पेन घेऊन आत आले. हफ्साने ओट्यावर रजिस्टर उघडून ठेवलं होतं, शेजारी दोन बशा.

"सर, पत्र पाठवा. फक्त सोबत या पानाची झेरॉक्स जोडा."

त्यांनी वाचलं. तीन, तीन, तीन. मग सुचिताकडे पाहून आवाज चढवला. "हे तू केलंस?"

"मी लिहिलं," सुचिता म्हणाली. "खालची सही तुमची आहे. मी स्वॅब घेतला की नाही, तेही तुम्ही विचारलं नव्हतंत."

मोठे डॉक्टर त्या सहीकडे बघत राहिले. ती त्यांचीच होती, घाईतली, शेवटचा फटकारा कागदाबाहेर गेलेली. पत्राच्या त्यांनी चार घड्या केल्या आणि ते खिशात टाकलं.

"हे बघा," ते एकदम मऊ झाले. "आपण घरातली माणसं आहोत. कोणाचंच नाव घ्यायला नको. गेटवर मी सांगतो, मशिनमध्ये दोष होता. लोक मशिनवर दगड मारत नाहीत. हफ्सा, तू मागच्या दाराने घरी जा. आठ दिवस आराम कर."

दोन दिवस जे हवं होतं ते समोर होतं. नावाला डाग नाही, दार उघडं, अब्बा घरी वाट बघत असलेले. हफ्साने रजिस्टर उचललं, काखेत धरलं आणि ती पुढच्या दाराने निघाली. जिन्यावर तिला मागे चपलांचा आवाज आला. सुचिता होती, आणि तिच्या मागे कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आवडाबाई.

गेटवर गर्दी होती. सगळ्यात पुढे अनंता, डोकं भादरलेला, दोन दिवसांचा उपाशी. वॉचमन म्हणाला, सिस्टर, नका जाऊ. तिने गेट उघडायला लावलं.

"कोण तुम्ही?" अनंताने विचारलं.

"हफ्सा मुकादम. तुमच्या आईला सोमवारी दोनची सुई मी दिली. त्या सुईत जंतू कसा गेला ते आम्ही तिघी सांगायला आलोय. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय करायचं ते करा."

मागून कोणीतरी शिवी दिली. अनंताने हात वर करून त्याला गप्प केलं आणि म्हणाला, "सांगा."